उलटा फर्मा

बांबोळीच्या स्कॅनघरातल्या पोरानं
माझा फोटो दोनदा पालथा घातला.
तिसऱ्यांदा दिव्यासमोर धरला आणि मलाच विचारलं,
"वेर्णेकरकाका, तुम्ही उताणेच झोपला होतात ना?"

उताणाच होतो, बाबा.
यकृत डावीकडे, प्लीहा उजवीकडे,
काळीज उजव्या फासळ्यांआड बिऱ्हाड थाटून,
आणि ज्याच्यासाठी इथवर आलो ते जठरही
आरशात पाहावं तसं.
त्याच्या खालच्या वळणावर गाठ.
कॅन्सर हा शब्द त्यांनी बारीक टायपात उच्चारला.

अडुसष्ट वर्षं डाव्या छातीवर हात ठेवून
शपथा घेतल्या.
भाडेकरू नसलेल्या खोलीची साक्ष काढली.

डॉक्टर लिबिया कुलासोंनी विचारलं, काम काय करायचात?
म्हटलं, म्हापशाला खिळे जुळवायचो.
सव्वीस वर्षं, खिळे किलोवर भंगारात जाईस्तोवर.
त्यांना कळेना. मग हातानं दाखवलं:
डाव्या हातात स्टिक, उजवा केसमध्ये,
न बघता काना, वेलांटी, अर्धा म.
अक्षर आरशातलं, ओळ डोकं खाली पाय वर.
नवा पोरगा मनातल्या मनात सुलटं करून वाचतो,
दुपारपर्यंत त्याला घेरी येते.
जुना माणूस सुलटं करत नाही.
उलटंच वाचतो.

त्यांनी पेन खाली ठेवलं.
"चुकायचात?"
चुकायचो की. एकदा श्रद्धांजलीत
मयताच्या जागी त्याच्या भावाचं नाव बसवलं.
तो शिवोलीहून काठी घेऊन आला.

सिस्टर सांगत होती,
ड्युटी संपल्यावर त्या आठवडाभर रिकाम्या यंत्रासमोर बसल्या,
एका हाताची सवय दुसऱ्या हाताला शिकवत.
गाडा कुठल्या अंगानं आणायचा, मदतनीस कुठं उभा राहणार,
जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या.
शिवाय एक धमनी.
सगळं उलटं तर उलटं, पण ही त्या उलट्यातही शिस्त मोडून
भलत्याच फांदीतून यकृताकडे निघालेली,
मात्रा शेजारच्या अक्षरावर पडावी तशी.
हीच चुकून कापली गेली तर...
कागदावर काढून दाखवलं त्यांनी,
वाक्य पुरं केलं नाही.

भावजय म्हणाली, चार हातांचं यंत्र, देवच म्हणायचा.
मी म्हटलं, साठी उलटल्यावर पुन्हा चतुर्भुज होतोय,
अक्षता आणा.
कुणी हसलं नाही.
शशिकला खिडकीबाहेर बघत राहिली,
तिथं पणजीची बस थांबली आणि निघून गेली.

आत ते उभं होतं, प्लॅस्टिकच्या अंगरख्यात, हात दुमडून,
आमच्या ट्रेडलसारखं, शाई लावण्याआधीचं.
डॉक्टर चार पावलं लांब,
कोपऱ्यातल्या पेटीत मान घालून बसणार होत्या.
त्याआधी जवळ आल्या. "भियेनाकात," म्हणाल्या,
"हांव उरफाटेंच वाचतलें."

साडेपाच तास.
त्यातलं माझ्याकडे काहीच नाही. कोरी पानं.

जाग आली तेव्हा पोटावर पाच टिंबं,
आणि बेंबीखाली एक रेघ,
जिथून तो तुकडा पिशवीत घालून काढला.
पूर्णविराम म्हणावेत तर एकदम पाच कशाला?
अनुस्वार असतील,
अक्षरं खाली अजून चाचपडतोय.

आता पेज. वाटीभर, दिवसातून सात वेळा.
पोदेराचा उंडा चतकोर, तोही चावून चावून लगदा.
बांगड्याचा नुसता वास पुरतो, असं सांगतो सगळ्यांना.
पुरत नाही.

शशिकला चाळीस वर्षं डाव्या खांद्यावर डोकं ठेवून
"तुमचं काळीज लांब कुठं तरी वाजतं" म्हणायची.
आता उशी उचलून पलीकडे झोपते.
विषय काढत नाही.

गेल्या बुधवारी तपासणीला नवा विद्यार्थी.
नळी डाव्या छातीवर ठेवली, ऐकलं,
जरा सरकवली, भुवया आकसल्या, पुन्हा ऐकलं.
फाइल त्याच्या कोपराशीच होती.
थोडा वेळ मी त्याला शोधू दिलं.